भुताला काहीतरी काम असतं तोवर ठीक

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत भयकथांवर लेख होता. त्यात म्हटलंय की जुन्या भुताच्या गोष्टी म्हणजे पोरांना गप्प करायला, खरी भीती काय ती आजच्या मानसिक कथांत. आपल्याला काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

प्लिनी नावाच्या रोमन माणसाने जवळपास १९०० वर्षांपूर्वी मित्राला पत्रात एक गोष्ट लिहिलीय. अथेन्समधलं घर, रात्री साखळदंड खळखळतात म्हणून कोणी राहीना, आणि अथेनोडोरस नावाचा एक तत्त्वज्ञ भाडं इतकं कमी का याची चौकशी करून मुद्दाम तेच घर घेतो. रात्री भूत येऊन बोटाने बोलावतं, तर हा हातानेच 'थांब जरा' करून लिहीतच बसतो! भूत बिचारं डोक्यावर साखळ्या वाजवत ताटकळलेलं. शेवटी दिवा घेऊन हा मागोमाग जातो, अंगणात भूत गायब, तिथे गवत-पाला ठेवून खूण करतो, दुसऱ्या दिवशी खणलं तर साखळीत अडकलेली हाडं. रीतसर पुरलं, विषय संपला.

म्हणजे जुन्या भुताचं काहीतरी अडलेलं असायचं, ते केलं की ते जायचं. पण म्हणून जुनं सगळंच असं सोपं होतं असं पण नाही. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात घेतलेला वेताळ बघा ना, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल आणि बोललास तर प्रेत परत झाडावर! राजाची सुटका कुठूनच नाही. याला पोरांची गोष्ट कोण म्हणेल?

१९०२ ची, इंग्रज लेखक जेकब्सची माकडाच्या पंजाची गोष्ट घ्या. बाप इच्छा पुरवणाऱ्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो, ते मिळतात, पण पोरगा कारखान्यात मशीनमध्ये सापडून मेला त्याची भरपाई म्हणून. मग आईच्या हट्टापायी बाप त्याला परत मागतो, रात्री दारावर थाप पडते, आई कडी काढायला धडपडते आणि बाप अंधारात पंजा चाचपत असतो. बाहेर कोण होतं ते जेकब्स शेवटपर्यंत दाखवतच नाही, सगळी मजा (मजा म्हणायचं की काय) त्यातच आहे.

माझी सगळ्यात आवडती मात्र टागोरांची क्षुधित पाषाण, १८९५ ची. त्यातला माणूस कापसाचा कर वसूल करणारा, म्हणजे आपल्या खान्देशच्या ओळखीचाच की! ओसाड महालात राहतो, रोज रात्री तिथल्या जुन्या लोकांत ओढला जातो, आणि हे सगळं तो जंक्शनवर गाडीची वाट बघताना सांगतोय. ऐन रंगात गाडी येते, तो फर्स्ट क्लासमध्ये निघून जातो, गोष्ट अर्धीच. भुसावळला रात्री लेट गाडीची वाट बघत बसलेल्याला हे वाचायला द्या, मग सांगा शंभरावर वर्षांची गोष्ट जुनी झाली का ते.

आपल्या मराठीतही तसंच. नारायण धारपांच्या भयकथांत भुताखेतांपासून वाचवणारे समर्थ आले की माझी निम्मी भीती जाते, रत्नाकर मतकरींच्या कथांत वाचवायला असं कोणी येईलच याची गॅरंटी नाही. दोघंही विसाव्या शतकातलेच, तेव्हा शतकावरून भीती मोजायची कशी?

आणि इकडे यावल-रावेरकडे शेताची लाईट रात्री असली की माणूस एकटा केळीच्या बागेत पाणी भरायला जातो. फाटकी पानं वाऱ्याने एकमेकांवर घासतात, बॅटरी मारली की केळीचे सगळे खांब सारखेच दिसतात, मागे कोणीतरी चालतंय असं वाटतं आणि बिबट्या पण असू शकतो. अशा वेळी मुंजा, आसरा, चकवा सगळे आठवतात, आणि खरं सांगतो, त्यातल्या त्यात मुंजा बरा वाटतो, कारण तो कुठल्या पिंपळावर असतो हे गावाला माहीत तरी असतं.

म्हणून एक विनंती, पुढच्या पुरवणीत या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी छापा, एखादी अहिराणीत पण येऊ द्या, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांकडे भरपूर आहेत. फक्त खाली 'यामागचं शास्त्रीय कारण' अशी चौकट टाकू नका राव, गोष्टीची पार वाट लागते.

आपला,
एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव