पुराआधी हिशेबही हलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयना धरणातून विसर्ग वाढला की सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी मोबाइलवर यायला लागते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पाणी चढू लागले की गणपती पेठेत पोती माळ्यावर जातात, टेम्पोने माल विश्रामबागला, मिरजेला निघतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तेवढे शिकवले. हिशेब मात्र जागच्या जागी राहतो.

मी पेठेतल्या लहान दुकानांचे हिशेब लिहिते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. ओसरल्यावर एका किराणा दुकानातली उधारीची वही हातात घेतली, तर पाने एकमेकांना चिकटून तिची वीट झाली होती. कडेची पाने सुटली, त्यांवर निळ्या शाईचे नुसते डाग. टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये गाळ, आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात! गिऱ्हाइके इमानदार होती, पण नेमके किती द्यायचे हे त्यांनाही आठवेना.

विम्याच्या पॉलिसीत पुराचे संरक्षण असले तरी नुकसान पाहायला आलेला सर्व्हेअर आधी स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिले मागतो. पुरात नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावे लागते. कोणता माल, किती क्रेडिट, हे वह्यांशिवाय कसे काढणार? खरेदीचा काही तपशील जीएसटी पोर्टलवर मिळतो. उधारी तिथे कुठली सापडायला?

म्हणून मे महिन्यातच तयारी व्हावी. हिशेबाच्या तीन प्रती, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक पूररेषेबाहेर: विट्याच्या पाहुण्यांकडे ठेवा, नाहीतर क्लाउडवर. हाताने लिहिलेल्या उधारीच्या पानांचे दर शनिवारी फोटो काढून घरच्यांना पाठवा. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे नाही. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कालची बाकी जुळते का ते पाहायलाच हवे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडणारा एकच पोरगा असेल तर पासवर्ड मालकालाही माहीत हवा. पाणी ३५ फुटांवर गेले की कॉम्प्युटर आणि वह्या कोणी उचलायच्या, हेही आधीच ठरवा. ४० फुटांना सगळ्यांची एकदम पळापळ सुरू होते. तेव्हा हमालही मिळत नाही, टेम्पोही मिळत नाही.

महापालिका आणि व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे. बोटी, निवारा केंद्रे, नालेसफाई यांच्याबरोबर पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत हाही विषय घ्यावा. पेठेत वीज नसेल त्या दिवसांत व्यापाऱ्यांना आपले हिशेब उघडता येतील, बिले छापता येतील अशी जनरेटरवर चालणारी एक खोली विश्रामबाग भागात ठेवावी. बॅकअप उघडून पाहण्याचा सराव घ्यायला मी विनामोबदला येईन.

– एक हिशेबनीस, सांगली