मनूच्या तपासणीविषयी

बर्मिंगहॅम

ती. आई व बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर गळा दाटून येतो आणि निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून हे पत्र. मनूच्या रक्ततपासणीचा अहवाल आला असून तिला टर्नर सिंड्रोम आहे. मुलींच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात, त्यांपैकी एक तिच्यात नाही. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीत असे आढळते. तिची उंची खुंटली ती यामुळे, जेवणाच्या नखऱ्यांमुळे नव्हे. हृदयाचा एको आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली, दोन्ही व्यवस्थित आहेत.

आई, मी ग्रहण पाळले नव्हते हे तुला आठवले असेल. खरे सांगते, डॉक्टरांसमोर बसले असताना माझ्याही मनात आधी तेच आले, आणि एवढे शिकून तेच आले याची अजून लाज वाटते. गुणसूत्र गळते ते बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी पहिल्या पेशी विभागताना. आईच्या खाण्यावागण्याशी त्याचा संबंध नसतो.

आता रोज रात्री वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन असते. सुई आत ठेवून दहा अंक मोजायचे असतात. मनू ते मराठीत मोजते आणि लवकर संपावे म्हणून हटकून आठ गाळते. समीर दर रविवारी स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीची खूण करत असे. मागच्या महिन्यात ती हळूच टाचा उचलून उभी राहिलेली त्याने पाहिले, आणि त्याच दुपारी चौकटीला रंग दिला. आता मोजमाप फक्त दवाखान्यात होईल.

म्हणून मे महिन्यात आम्ही आलो की तिला दादाच्या मुलीशेजारी उभे करू नका. पुढे पाळी आणि मूल होण्याबाबतही अडचणी संभवतात, पण ते तिला कळण्याआधी आत्याला आणि मावशीला कळता कामा नये. कोणाला सांगायचे ते तीच ठरवील.

बाबा, एक काम आहे. औषधाचे पेन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. बार्शीत मे महिन्यात वीज जाते आणि आपल्या इन्व्हर्टरवर फ्रिज चालत नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांना त्यांच्या फ्रिजमध्ये महिनाभर जागा मिळेल का, ते विचारून ठेवावे. कशासाठी, ते सांगू नये.

तुमची,
सुमा