हयातीच्या दाखल्यात तिसरा रकाना हवा

मा. संपादक,
स.न.

'इतवारीतून ज्येष्ठ नागरिक बेपत्ता' अशी बातमी आपल्या अंकात आली होती. ती आमच्या ह्यांची होती आणि ती खोटी आहे. हे घरातच आहेत, फक्त पाहुण्याच्या आत आहेत. आपला वार्ताहर खाली पानठेल्यावर चौकशी करून परत गेला. दोन जिने चढला असता तर ह्यांनी स्वतःच सांगितले असते.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू होता. पारा पंचेचाळिसाच्या वर, रात्री गच्चीवर पाय ठेववत नव्हता. आकाशातून शहरात उतरलेले बाकीचे पाहुणे झीरो माईलच्या घोड्यांपाशी बसले. तिथे बॅरिकेड लागले, पुढारी आले, हारतुरे झाले. आमच्याकडचा मात्र वाळ्याच्या वासावर थेट खिडकीतल्या कूलरच्या टाकीत येऊन बसला. पंप पाणी ओढेना म्हणून ह्यांनी टाकीत हात घातला. जन्मभर रेल्वेत गार्ड होते. मेन स्विच बंद केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही ही ह्यांची शिस्त. स्विच बंद होता हे मुद्दाम लिहिते, कारण विम्याच्या माणसाने फायलीवर 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला आहे.

पाहुणा साबुदाण्याच्या खिरीसारखा आहे. ह्यांचा चेहरा कधी वर येतो, कधी तळाशी जातो. सुरुवातीला कानातले यंत्र आत शिट्टी मारायचे, तेव्हा मी पाहुण्याच्या पाठीवर थापटी मारायची की बंद व्हायचे. ऑगस्टमध्ये दातांची कवळी ओट्यावर सापडली, स्वच्छ धुतलेली, वाटीत ठेवलेली. तेव्हापासून भाकरी मागणे बंद झाले. चहा चालतो. "साखर कमी टाकून राहिली तू" ही तक्रार लग्नापासूनची आहे, आता ती दोन आवाजांत येते एवढेच.

आता मूळ मुद्दा. दर नोव्हेंबरला निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून यंत्रावर अंगठा लावला की घरबसल्या होतो, 2021 पासून मोबाइलसमोर चेहरा धरला तरी चालतो. सोय चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण ह्यांचा अंगठा पाहुण्याच्या पोटात कुठल्या बाजूला आहे ते ह्यांनाच समजत नाही. म्हणून बँकेतला पोरगा घरी आला. भला पोरगा, चप्पल बाहेर काढून आला. मोबाइल समोर धरून म्हणाला, "काका, डोळ्यांची उघडझाप करा." ह्यांनी केली. त्याबरोबर पाहुण्यानेही केली, आणि त्याचे डोळे कुठे कुठे आहेत ते त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळले. पोरगा चप्पल न घालताच खाली पळाला. चप्पल अजून दारात आहे, घेऊन जावी.

पुढे शाखेतून निरोप आला की चौकटीत एकच चेहरा पाहिजे, तसे जमत नसेल तर मृत्यूचा दाखला आणा. तो आणायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, डॉक्टरचे सर्टिफिकेट आणा. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "काकू, ठोके लागतात, पण जास्तच लागतात." फी दोघांची घेतली.

कोणीतरी सांगितले की निवृत्तिवेतनधारक बेपत्ता झाला तर पोलिसांत तक्रार नोंदवल्यावर सहा महिन्यांनी कुटुंबाला निवृत्तिवेतन सुरू होते. मेला असे धरायला मात्र सात वर्षे थांबावे लागते. गेले ठाण्यात. हवालदाराने विचारले, शेवटचे कधी दिसले? मी म्हटले, आत्ता निघताना, दूध आण म्हणाले. त्याने पेनाला टोपण लावले. तरी आपल्या वार्ताहराला तिथूनच बातमी मिळाली, हे विशेष.

2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला आकाशातून मोठे धातूचे कडे पडले. चिनी रॉकेटचे असावे असे जाणकार म्हणाले. ते कडे पोलिसांनी रीतसर ठाण्यात नेऊन ठेवले. म्हणजे वरून वस्तू पडली तर तिची व्यवस्था होते. वस्तूने माणूस गिळला की मात्र प्रत्येक जण दुसऱ्या खिडकीवर पाठवतो.

आणि हे पाहुणे काही आगंतुक नाहीत. 1977 साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली. त्यांच्यावरच्या तबकडीत पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास जायला त्या यानांना हजारो वर्षे लागणार होती. आमच्या पाहुण्याने तबकडी वाटेतच उचललेली दिसते. रोज सकाळी तो "ह्या जन्मी धन्य व्हा" म्हणतो. तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ती तो संध्याकाळी गुणगुणतो, सुरात आहे. भैरवी झाली की मैफल उठते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही. ज्यांनी एवढा खर्च करून निमंत्रण धाडले त्यांनी यजमानाला खाऊ नये एवढी एक ओळ घालायला काय हरकत होती?

शेजारधर्माबद्दल न लिहिलेले बरे. वटपौर्णिमेला मी वडाकडे निघाले तर बायकांत कुजबुज. सात जन्म हाच पती मागितला तर पाहुणाही सोबत येईल का, असे मीच गुरुजींना विचारले. ते म्हणाले, संकल्पात दोघांचेही गोत्र सांगा. मारबतीच्या दिवशी तर गल्लीतल्या पोरांनी पाहुण्याचाच बडग्या, म्हणजे मिरवायचा पुतळा, काढला, पांढरा कापूस आणि वर ह्यांचा चष्मा. गर्दी ओरडत होती, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" पाहुणा गॅलरीत होता. आपले स्वागत चालले आहे असे वाटून तो वरून सगळ्यांना धन्य व्हा, धन्य व्हा म्हणत राहिला. आतून हे म्हणाले, "काहून एवढा लाडात येऊन राहिला बे, जाळणार आहेत ते तुला."

तर माझी मागणी साधी आहे. हयातीच्या दाखल्यावर 'जिवंत' आणि 'मृत' याशिवाय 'अंतर्भूत' असा तिसरा रकाना द्यावा आणि त्यावर निम्मे तरी निवृत्तिवेतन सुरू करावे. चहा तर निम्म्याहून जास्त लागतो. फेब्रुवारी संपायच्या आत निर्णय व्हावा, कारण मार्चमध्ये कूलर काढायचा तर नवीन ताट्या, पंप आणि विजेचे बिल मला झेपणार नाही. हे रोज सांगतात, आत गार आहे, जागाही आहे, काहून जीव काढून राहिली बाहेर. पूर्वी म्हणत, ये. हल्ली पाहुणा जरा पुढे सरकतो.

मी गेले तर दूधवाल्याचे ऑक्टोबरपर्यंतचे पैसे चुकते आहेत, नोव्हेंबरचे बाकी आहेत. गॅसचे पुस्तक दाराच्या मागच्या पिशवीत आहे.

आपली,
(नाव छापू नये. मागे सौ. लावायचे की श्रीमती, ते बँकेचे पत्र आल्यावर कळवीन.)
इतवारी, नागपूर