माओच्या धक्क्यावरून

माओ, मिनोर्का (स्पेन)
रविवार, रात्र

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "त्या बेटावर येऊन आम्ही म्हातारी माणसं करणार काय?" तेव्हा चटकन उत्तर सुचलं नाही, त्यात तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या. म्हणून लिहायला बसले. बार्सिलोनाहून रात्रीच्या बोटीने आले, त्याला आज चार दिवस झाले.

बाबा, आधी बंदराचं सांगते. आपली जयगडची खाडी डोळ्यांसमोर आणा, फक्त नदी वगळून. समुद्र पाच-सहा किलोमीटर आत शिरलाय, कड्यावर गाव, खाली धक्का, मध्ये बेटं. पहिल्या दिवशी मी धक्क्यावर बसून भरती कधी लागते ते बघत होते. सवय जाते कुठे! दोन तास झाले तरी पायरीवरची ओली रेघ जागची हलेना. मग आठवलं, भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. म्हणून तर हॉटेलवाले पाण्यापासून हातभर अंतरावर टेबलं मांडतात. मिरकरवाड्यात असं टेबल मांडून बघा! मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सिउतादेयाच्या अरुंद बंदरात, हवेचा दाब एकाएकी बदलला की कधीकधी पाणी झपाट्याने ओसरतं आणि तसंच उसळून परत येतं. त्याला 'रिसागा' म्हणतात. जून 2006 मध्ये त्यात कितीतरी बोटी फुटल्या. तिकडे बसने जाता येतं, पण तुम्ही तिथल्या कोळ्यांना गाठून चौकशा करत बसणार, म्हणजे परतीची बस चुकलीच म्हणून समजा.

आई, तुझ्यासाठी इया देल रेई. राजाचं बेट. बंदराच्या मध्यावर आहे, होडीने काही मिनिटांत पोचतो. 1711 मध्ये इंग्रजांनी तिथे आपल्या आरमारासाठी इस्पितळ बांधलं, आणि पुढे राज्यकर्ते बदलत गेले तरी ते 1964 पर्यंत चाललं. नंतर पार पडझड झाली. 2004 पासून गावातली माणसं, बहुतेक निवृत्त झालेली, दर रविवारी सकाळी होडीने जातात आणि ते हाताने दुरुस्त करतात. आज मी गेले तेव्हा एक आजोबा एका दाराची चौकट घासत होते. जुना रंग खरवडायचा, फुंकर मारायची, चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघायचं, की पुन्हा खरवड. अर्ध्या तासात वीतभर काम झालं असेल. तू असतीस तर पदर खोचून आधी वॉर्डच्या खिडक्या पुसायला घेतल्या असत्यास. सिव्हिलमधली तीस वर्षं गप्प बसू देतील होय?

त्याच्याही पुढे लाझारेतोचं बेट आहे. साथीच्या देशांतून आलेल्या जहाजांना आणि माणसांना अलग ठेवायची जागा. 1817 ला सुरू झाली, शंभर वर्षं चालली. भिंती चांगल्या उंच. रोग वाऱ्यावरून गावात येतो अशी तेव्हा समजूत होती म्हणे. भेटीच्या खोलीत जाळ्या आहेत. अलीकडे नातेवाईक, पलीकडे अडकलेला माणूस. तिथे मी जास्त थांबले नाही. 2020 मध्ये व्हिडिओ कॉलवर बाबा सारखे विचारायचे, "दिसतोय का मी?" आणि मला तुमचं नुसतं कपाळ दिसायचं.

असो. वर गावात सांता मारिया चर्च आहे, त्यात 1810 चा ऑर्गन आहे. तीन हजारांवर नळ्या! उन्हाळ्यात दुपारी वाजवतात. आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीचा हा थोरला भाऊ. खालचा स्वर लागला की बसलेल्या बाकाचं लाकूड थरथरतं, ते तळहाताला कळतं. बाबा, हा स्वर काळी चारच्या किती खाली आहे ते तुम्हीच येऊन सांगा.

खाण्याचं थोडक्यात. मासळीबाजार लहान, पण ताजा. बाबांना कल्ले उचलून बघू देतील की नाही, विचारायला हवं. चीज मात्र मोठं मजेदार. आपण चक्का बांधतो तसं दही नव्हे, फाटलेलं दूध फडक्यात गाठ मारून दाबतात. त्यामुळे कोपरे गोल होतात आणि वर गाठीची खूण उरते. वरून तेल आणि लाल मिरचीची पूड चोळतात, म्हणून साल नारिंगी. मेयोनेझ इथलंच, असं जो तो छातीवर हात ठेवून सांगतो; फ्रेंचांना विचारलंत तर भांडण होईल. इथल्या जिनबद्दल बाबांना वेगळं लिहीन.

आणि हो, आवार्का नावाच्या चपला मिळतात. वर चामडं, तळाला पूर्वी जुने टायर कापून लावायचे. आई, तुझ्या टाचेला चालतील असं वाटत नाही, सपाट आहेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर धक्क्यापासून गावात चढायला लिफ्ट आहे. मी स्वतः रोज वापरते, तेव्हा लाजायचं कारण नाही. मे महिना बरा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही नकोसं होतं. सकाळी एक जागा बघायची, दुपारी झोपायचं (इथेही दुकानं बंदच असतात), संध्याकाळी धक्क्यावर बसायचं. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर बार्सिलोनाला परत.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठवा. आईच्या पासपोर्टची मुदत बघून घ्या, मला वाटतं पुढच्या वर्षी संपतेय. फोटो काढताना बाबा, बोट मध्ये येऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी