चेरीच्या झाडाचा रोज एक फोटो काढणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडत नाही. पार्किंगच्या दंडाचं तिकीट रद्द झालं! काल ट्रायब्युनलचा (अशा दंडांवरची अपिलं ऐकणाऱ्यांचा) ईमेल आला, काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, अपील लढवायचंच नाही असं कळवलंय. तीन ओळींचा मजकूर, सॉरी वगैरे काही नाही, पण एक पेनीही भरायची नाहीये. नवरा संध्याकाळी ऑफिसातून आला तेव्हा मी दारातच फोन त्याच्या नाकासमोर धरला, तर पहिलं वाक्य काय, "काकांना सांगितलंस का?" तेव्हा ठाण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते म्हणून फोन नाही केला, लिहायला बसले. आणि उघडंच लिहितेय, कारण इथे यूकेमध्ये आमच्यासारखे खूप जण आहेत जे काचेवर ते पिवळं पाकीट दिसलं की गुपचूप पैसे भरून मोकळे होतात, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही राहत नसता.

आता एक कबुली, ही तोंडावर देता आली नसती. तुम्ही जानेवारीत मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलात आणि रोज सकाळी सातला कानटोपी, मफलर, मुलाचं ते ढगळं जॅकेट घालून आमच्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फेऱ्या सुरू केल्यात, तेव्हा आम्ही दोघं पडद्याआडून बघून हसायचो. त्यात एप्रिल लागला, आमच्या दारासमोरची चेरी फुलायला लागली आणि तुम्ही रोज त्याच जागी उभं राहून त्याच झाडाचा फोटो काढून ठाण्याच्या तलावपाळीच्या मॉर्निंग वॉकवाल्यांना पाठवायला लागलात. आज कळी, उद्या अर्धी कळी. आम्हालाही यायचे ते फोटो. मी एकदाही मोठा करून बघितला नव्हता काका, खरं सांगते. आणि तुम्ही समोरून दिसलात की मी कितीदा तरी उगाच फोन कानाला लावलाय.

८ एप्रिलला संध्याकाळी आम्ही टॅक्सीने एअरपोर्टला गेलो. मिरजेला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. गाडी चेरीखाली, परमिटच्या बेमध्ये (पार्किंगसाठी आखलेल्या जागेत), परमिट चालू, सगळं रीतसर. २७ला पहाटे परत आलो तर वायपरखाली दोन पाकिटं, एक १५चं, एक १६चं, कोड २१, म्हणजे सस्पेंड केलेल्या बेमध्ये गाडी. प्रत्येकी ७० पाउंड, १४ दिवसांत भरले तर निम्मे. गॅसच्या लायनीच्या कामासाठी १५ ते १७ आमच्या बाजूचे चार बे बंद ठेवले होते म्हणे! कुणाला माहीत? आम्ही मिरजेत हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. नशीब एवढंच की गाडी उचलून नेली नाही. तिकडे निदान चप्पल पायात अडकवून टोइंगवाल्याच्या मागे पळता तरी येतं.

प्रवासाचा शीण, जेटलॅग आणि १४ दिवसांतला तेरावा दिवस, अशा अवस्थेत मी लॅपटॉप उघडून दोन पानी पत्र लिहिलं. काय नव्हतं त्यात! बाबांचा गुडघा, परमिटचे पैसे, काउन्सिल टॅक्स, माणुसकी, सगळं. तेवढ्यात तुम्ही आलात, काकूंनी पाठवलेली थालीपिठं घेऊन, "बाबा कसे आहेत" विचारायला. मी रडवेली होऊन पत्र वाचून दाखवलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "यातून बाबांचा गुडघा काढ."

मला इतका राग आला होता ना!

मग तुम्ही समजावलंत. तीस वर्षं कोर्टात काढली, शिरस्तेदार म्हणून रिटायर झालो, टेबलावर अर्जांची चळत असते, वाचणारा रड वाचत नाही, तो तारीख शोधतो. अर्जात रड कमी, तारखा जास्त. मग विचारलंत, बे बंद असल्याचा बोर्ड कधी लावला? मी म्हणलं मला काय माहीत, मी इथे होते का? तुम्ही खिशातून फोन काढलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि एकेक फोटो मागे ढकलत गेलात. ९ एप्रिल, चेरी, मागे दिव्याचा खांब, खांब मोकळा. १० एप्रिल, मोकळा. ११ एप्रिल सकाळी ७ वाजून १२ मिनिटं, मोकळा. १२ एप्रिल, चेरी पूर्ण फुललेली, आणि खांबावर पिवळा बोर्ड. प्रत्येक फोटोत खाली आमची लाल गाडी, जागची हललेली नाही.

काका, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. थालीपीठ गार झालं.

म्हणजे गाडी आम्ही ८ला लावली आणि बोर्ड ११ला सकाळनंतर कधीतरी लागला. आणि काउन्सिलच्या स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलेलं की नियोजित कामासाठी बे सस्पेंड करायचा तर निदान ७ दिवस आधी बोर्ड लावतो. इथे जेमतेम चार. ते पान तुम्हीच शोधलंत, इंग्रजी बारीक अक्षरातलं, आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्यायला लावलात, "उद्या बदलतील" म्हणून.

पाकळ्यांची गोष्टही तुमचीच. तिकिटाचा नंबर आणि गाडीचा नंबर टाकला की तिकीट लावणाऱ्या वॉर्डनने काढलेले फोटो ऑनलाइन बघता येतात हे मला ठाऊकच नव्हतं. आपण दोघं बघत होतो, मी आपली बोर्ड दिसतोय का ते शोधतेय आणि तुम्ही म्हणालात, "टपावर बघ, सडा पडलाय." खरंच, दोन्ही दिवसांच्या फोटोंत टप, बॉनेट, वायपरची खाच, सगळीकडे गुलाबी पाकळ्या, आणि दोन्ही दिवशी चाकाचा व्हॉल्व्ह त्याच जागी. गाडी मधे हललीच नाही हे त्यांच्याच फोटोंनी सांगितलं. न हललेल्या गाडीला एकाच कारणासाठी दोन तिकिटं कशी, हा मुद्दा आपण वेगळ्या परिच्छेदात टाकला. माझी दोन पानं अकरा ओळींवर आली. रात्री बारा वाजायच्या आत पाठवलं, म्हणून सवलतीची मुदत हातची गेली नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दुसरं तिकीट रद्द, पहिलं कायम. बोर्ड पद्धतीप्रमाणे लावला होता आणि आपली गाडी कुठे उभी आहे याची खबर ठेवणं गाडीवाल्याचं काम आहे, असं. (यातलं अर्धं मला पटतं हो. आता कुठे जाताना किल्ली तुमच्या चिरंजीवांकडे ठेवून जातो.) पण सोबत परत १४ दिवस निम्म्या रकमेची ऑफर, ३५ पाउंड. आमच्या ह्याचं म्हणणं, भर आणि सोड, ३५ पाउंडासाठी कोण डोकं लावणार, पुढे नॉर्दम्प्टनच्या कोर्टात कर्ज म्हणून नोंद होते, वसुलीवाले बेलिफ दारात येतात, असं काय काय तो वाचून बसला होता. तेव्हा तुम्ही लढा म्हणाला नाहीत, ते मला फार आवडलं. तुम्ही फक्त हिशेब मांडलात. आत्ता भरले तर ३५, पण भरले की केस बंद, मग भांडता येत नाही. पुढे गेलो आणि हरलो तर ७०. ट्रायब्युनलला फी नाही. बेलिफ वगैरे, पत्रांना उत्तरच न देणाऱ्यांच्या दारात येतात, आपण प्रत्येक पत्राला मुदतीत उत्तर देणार. म्हणजे पणाला काय, तर जास्तीचे ३५ पाउंड. "खिसा तुमचा, निर्णय तुमचा," म्हणून तुम्ही बूट घालून निघूनसुद्धा गेलात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मीच खाली उतरून तुमच्याबरोबर फेऱ्या मारल्या.

त्याच फेऱ्यांमध्ये तुम्ही विचारलंत, इथे माहितीचा अधिकार आहे का? आहे की, कायदा २०००चा, पण लागू झाला १ जानेवारी २००५ला. तुम्ही रस्त्यात थांबलात, "अरे, आपला पण २००५, १२ ऑक्टोबर!" आणि जुळ्या भावाचा पत्ता लागल्यासारखे खूश झालात. काउन्सिलला एवढाच प्रश्न पाठवला की या रस्त्यावरचा बोर्ड कंत्राटदाराने कोणत्या तारखेला लावला, नोंदीची प्रत द्या. कामाचे २० दिवस असतात त्यांना, अठराव्या दिवशी उत्तर आलं. ११ एप्रिल, दुपारी. तुमच्या चेरीने सांगितलं होतं तेच.

मग जूनमध्ये नोटीस टू ओनर, म्हणजे गाडीमालकाला दंडाची रीतसर नोटीस आली, ह्याच्या नावावर, कारण गाडी ह्याच्या नावावर. सवलत संपली होती, आकडा ७०, आणि ह्याचा चेहरा बघण्यासारखा होता. २८ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आपण सहाव्या दिवशी दिलं. तेही फेटाळलं. कंत्राटदाराची नोंद त्यांचीच, सात दिवसांचा नियम त्यांचाच, तरी फेटाळलं! मला वाटतं तोवर कुणी नीट वाचलंच नव्हतं. माझ्या मते तिथे बसलेल्यांना माहीत असतं की दहातले नऊ जण इथे दमतात.

फेटाळल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात तुमचा व्हिसा संपत होता. बॅगा वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या, काकू लोणच्याच्या बरण्यांवरून तुमच्याशी भांडत होत्या, आणि तुम्ही डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात बसून माझ्यासाठी जबाब लिहीत होतात. आधी मराठीत कच्चा, "मी खाली सही करणार, वय ७१, धंदा सेवानिवृत्त, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की", मग त्याचं इंग्रजी. सगळे मूळ फोटो गॅलरीतून ईमेल केलेत, कारण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत काढल्याची तारीख-वेळ राहत नाही हे तुमच्या चिरंजीवांनी सांगितलं होतं. तेच चिरंजीव, जे फोन भरला म्हणून "बाबा, ते झाडाचे फोटो डिलीट करा" म्हणून तुमच्या मागे लागले होते. बरं झालं ऐकलं नाहीत.

अपील भरलं तेव्हा तुम्ही ठाण्याला पोचला होतात. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तुमचा दीड, तरी जागे राहिलात, स्क्रीनवर कुठला फोटो आधी चढवायचा ते सांगत. ९, १०, ११, १२, याच क्रमाने, मधे काही बोलायचं नाही, बघणारा आपोआप वाचेल. काउन्सिलला बहुतेक ते चार फोटो शेजारी-शेजारी बघितल्यावरच कळलं असणार की इथे काही खरं नाही.

३५ काय नि ७० काय, तेवढे पैसे एका दिवाळी पार्टीत जातात. पण आमच्या दोघांच्या घरात आता एक वाक्य झालंय, कुणी चिडून ईमेल लिहायला बसलं की दुसरा म्हणतो, "गुडघा काढ." परवा ह्याने मॅनेजरला लिहिलेल्या ईमेलमधून तीन गुडघे काढले.

बाबा काठीशिवाय चालायला लागलेत, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. काकूंना सांगा मेथकूट संपलं. आणि तुमची परत यायची तारीख ठरली की आधी कळवा, एअरपोर्टला आम्ही येणार, चिरंजीवांना सुट्टी.

हो, आज सकाळी परत पिवळा बोर्ड लागलाय, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. मी धावत जाऊन फोटो काढला आणि तुम्हाला लगेच पाठवला, जरा कौतुकाच्या अपेक्षेने. तुमचं उत्तर आत्ता आलं, पत्र लिहिता लिहिता.

"खांबाचा नंबर दिसत नाही. परत काढ."

निघतेय, काका.

तुमची,
चेरीसमोरची