आमवातात गुडघा बदलताना

मा. संपादक,

गुडघेबदलाबद्दल बोलताना डोळ्यांसमोर असतो तो वयाने झिजलेला गुडघा. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या आई-वडिलांची तयारी वेगळी असते आणि तिचा बराच भार घरच्यांवर असतो.

आधी औषधं. ऑपरेशनची तारीख मिळाली की भीतीपोटी सगळंच बंद केलं जातं. मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन या आमवाताच्या नेहमीच्या गोळ्या सहसा चालूच ठेवतात. सोडलं तर नेमके व्यायामाच्या दिवसांत बाकीचे सांधे सुजतात. थांबवतात ती बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारी, जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे. त्यांपैकी अडॅलिमुमॅब दर दोन आठवड्यांनी असेल, तर ऑपरेशन शेवटच्या इंजेक्शननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात धरतात आणि जखम भरून टाके निघाल्यावर, साधारण १४ दिवसांनी, पुन्हा सुरू करतात. रोजचं स्टिरॉइड मनाने बंद करणं तर धोक्याचंच. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडून, म्हणजे आमवाताच्या डॉक्टरांकडून, हे लेखी घेऊन सर्जनना द्या. त्यात मेथोट्रेक्सेटपुढे ‘आठवड्यातून एकदाच’ आणि वारही लिहून घ्या. वॉर्डात ही गोळी चुकून रोज दिली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं.

मानेचं कुणी विचारत नाही. जुन्या आमवातात वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल झालेला असू शकतो. भूल देताना मान वेडीवाकडी हलली तर मज्जारज्जूवर दाब येतो. मान दुखते, हाताला मुंग्या येतात, हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा आणि मान वाकवून एक्स-रे काढायचा का, तेही विचारा.

साधा वॉकर वाकड्या बोटांत धरवत नाही, सगळं वजन सुजलेल्या मनगटांवर येतं. कोपरापासूनचा हात टेकवता येतो असा वॉकर मिळतो. तो ऑपरेशनआधीच आणून घरात चालवून पाहा, बाथरूमच्या दारातून जातो का तेही.

वाशी-नेरूळच्या सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतींत जिन्याचा प्रश्न मोठा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पण आमवातात ‘चांगला’ पायही दुखराच असतो. म्हणून घरी सोडण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टसमोर जिना चढून-उतरून घ्यावा; तोवर जमत नसेल तर काही दिवस तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहिलेलं बरं.

आणि आईला दुखतंय म्हणून मायेने गुडघ्याखाली उशी सरकवू नका. गुडघा वाकलेलाच राहतो, मग सरळ करताना फार त्रास होतो. उशी टाचेखाली द्या.

– एक फिजिओथेरपिस्ट, नेरूळ