आवाज आधी, कॅमेरा नंतर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

सिनेमातच जायचं तर रंगमंचाचा आवाज कशाला कमवायचा, असं तू विचारलंस. त्यासाठी ग्रीक अभिनेत्री कातिना पाक्सिनूकडे बघ. १९०० साली ग्रीसमधल्या पिरेअसला जन्मलेली ही बाई जिनिव्हात ऑपेराचं गाणं शिकली. गद्य नाटकांत शिरली ती १९२९च्या सुमारास. आपल्या संगीत नाटकवाल्यांसारखा आधी गळा, मग अभिनय.

सप्टेंबर १९३८ मध्ये ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात सोफोक्लीझ या प्राचीन ग्रीक नाटककाराचं ‘इलेक्ट्रा’ झालं, आधुनिक काळातला तिथला पहिला प्रयोग. त्यात इलेक्ट्रा झाली ती पाक्सिनूच. उघडं आकाश आणि दगडी पायऱ्यांच्या ५५ ओळी. तिथे कुजबुजही शेवटच्या ओळीत ऐकू येते म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. डच संशोधकांनी २०१७ मध्ये मोजमापं जाहीर केली. वरपर्यंत स्पष्ट पोचतो तो फक्त कमावलेला, खणखणीत आवाज.

उघड्यावर आपला आवाज परत येत नाही, म्हणून नट ओरडायला लागतो. मानेच्या शिरा फुगल्या की समज, भार घशावर आलाय. असंच रेटलंस तर आवाज बसणार. मराठीत आणखी एक खोड: क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि दम नेमका तिथेच संपतो. ‘मी जाणार नाही’मधलं ‘नाही’ गिळलंस तर सगळंच उलटं! वीस मीटरवर कुणाला तरी बसव आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहून घ्यायला सांग. जे शब्द सुटतील, त्या वाक्यांत श्वासाची जागा अलीकडे आण.

कॅमेऱ्यासमोर आवाज लहान करायचा, दम नाही. ‘फॉर हूम द बेल टोल्स’ या सिनेमातल्या पिलारच्या सहाय्यक भूमिकेसाठी पाक्सिनूला ऑस्कर मिळालं, १९४४च्या समारंभात. सहाय्यक भूमिकांना तोवर नुसती पाटी मिळायची. पूर्ण आकाराची बाहुली त्याच वर्षीपासून. तरी हॉलीवूडनं पुढे तिच्याजोगं फारसं काही दिलं नाही. पन्नाशीच्या दशकात ती अथेन्सच्या नॅशनल थिएटरात परतली. १९५५ मध्ये एपिडॉरसलाच ‘हेक्युबा’ हे प्राचीन ग्रीक नाटक केलं, नवरा अलेक्सिस मिनोतिसच्या दिग्दर्शनात.

इटालियन दिग्दर्शक व्हिस्कॉन्तीच्या ‘रोको अँड हिज ब्रदर्स’ या सिनेमात (१९६०) तिनं केलेली आईची भूमिका मात्र मला काही ठिकाणी चौकटीबाहेर सांडलेली वाटते. ते प्रवेश एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून ऐक. कुठे जास्त झालंय ते लिहून पाठव.

तुझे,
बाबा